वाहन प्रकार : वरात

रामकिशनची होडी चालते ती त्याच्याच वावरावरून. धरण झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बापाचं सतरा एकर वावर, एक विहीर आणि एक आंबा पाण्याखाली गेला. विहिरीवरचं ऑइल इंजिन तेवढं बापानं वेळेत वर काढलं आणि तेच पुढं रामकिशननं होडीला बसवलं. जे इंजिन त्या विहिरीतलं पाणी उपसायचं, ते आता त्याच विहिरीवरून माणसं नेतं.

होडीत बसलं की तो सांगत जातो. "ही आमची जवारी. ही विहीर, कडंला सरकू नका. इथं बांध हाय, दमानं घेतो." आणि तीस हात खोल पाण्याखालच्या बांधावर तो खरोखर इंजिन हळू करतो. पूर्वेच्या अंगाला मात्र होडी नेत नाही, कारण तिथं कमलबाईचं वावर होतं आणि तिच्याशी त्याच्या बापाचा बांधावरून वाद होता. कमलबाई जाऊन वीस वर्षं झाली. होडी अजून वळसा घालून जाते.

मी बंडोपंत, बेलथडीचा पोस्टमास्तर. रोज टपालाची पिशवी घेऊन पलीकडं खैरगावला जातो, म्हणून ही सगळी शेती मला पाठ आहे. गावात अर्ज लिहिणाराही मी एकटाच. त्यामुळं पुढं जे घडलं त्यात थोडा दोष माझा आहे, आणि तो मी कबूल करणार नाही.

रामकिशनला आयुष्यात एकाच गोष्टीचं वेड, चांगलं डिझेल. गावात हरिचंदच्या दुकानात गूळ, गोडेतेल आणि डिझेल एकाच मापानं मिळतं. डिझेल पंपापेक्षा लिटरमागं बारा रुपयांनी महाग, आणि त्यात काय काय असतं ते हरिचंदलाही सांगता येत नाही. रामकिशन ते काचेच्या बाटलीत भरून देव्हाऱ्याशेजारी ठेवायचा. सकाळपर्यंत पाणी खाली बसायचं, डिझेल वर तरंगायचं. मग तो बायकोच्या, नर्मदाबाईंच्या, जुन्या लुगड्यातून ते गाळायचा. "देवाला एक दिवा लावत न्हाई हा माणूस, डिझेलला रोज गाळून राहिला," असं नर्मदाबाई मला सांगायच्या, आणि लुगडी लपवून ठेवायच्या.

पंपावरचं डिझेल चांगलं होतं, पण पंपावर पाटी होती : कॅनमध्ये डिझेल मिळणार नाही. पंपाचा मॅनेजर विश्वजीत, इंजिनिअर झालेला सज्जन मुलगा. तो म्हणाला, "काका, वाहन आणा."

"वाहन धरणात हाय."

"मग शेतीसाठी घ्या. सातबारा दाखवा."

"वावरबी धरणात हाय."

मग मी तहसीलला अर्ज लिहिला. चांगला दोन पानी लिहिला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, की अर्जदारानं वाहनाचा नोंदणी क्रमांक आणि चाकांची संख्या कळवावी. मी रागानं दुसरा अर्ज लिहिला, चाकं शून्य. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

एवढ्यात प्रतीक्षाचं लग्न ठरलं. रामकिशनची एकुलती एक लेक, आणि नवरदेव पलीकडच्या खैरगावचा रुद्र. तिच्या जन्मापासून रामकिशन एकच सांगत आला होता, "पोरीची वरात आमच्या वावरातून येईल, अन् पोरगी आमच्याच वावरातून सासरी जाईल. जमीन गेली म्हणून काय वाट गेली?" लोक हसायचे. मीही हसायचो. पण त्याचा सगळा जीव त्यात अडकला होता, हे लग्नाच्या आदल्या दिवशी मला दिसलं. सजवलेली होडी घेऊन तो एक फेरी मारायला गेला आणि हरिचंदच्या डिझेलनं विहिरीच्या बरोबर वर इंजिन बंद पाडलं. वल्ही मारत परत आला तेव्हा तो काठावर बसून राहिला.

शेवटी म्हणाला, "पंत, त्याला वाहन पायजे ना? मंग वाहन नेऊ."

पिंटूचा ट्रॅक्टर रात्रंदिवस शेतातली हळद वाहण्यात गुंतला होता. पिंटू चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, तरी पिंटूच. लग्नाच्या दिवशी सकाळी तेवढा तो मोकळा होता. बारा माणसांनी होडी ट्रॉलीत चढवली. ट्रॉलीत हळदीची पूड इतकी होती की पंपापर्यंतच्या सोळा किलोमीटरमध्ये होडी नवरीपेक्षा पिवळी झाली.

आणि भर फेब्रुवारीच्या उन्हात रस्त्यानं होडी येताना पाहून लोकांनी काय समजावं? वाटेतल्या एका गावात धरण फुटल्याची बोंब झाली. एकानं म्हैस गच्चीवर नेली. ती नंतर उतरेना, असं ऐकलं. दुसऱ्या गावात बायकांनी होडीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. रामकिशननं नमस्कार केला. मी पुढं बघत बसलो.

पंपावर विश्वजीतनं होडीभोवती दोन चकरा मारल्या. "काका, ही ट्रॉलीत ठेवलीय. स्वतःहून आलेली नाही. नियमानं बघितलं तर हा एक मोठा कॅनच झाला."

"कॅनला वल्ही असतात व्हय रं?" रामकिशन ओरडला.

विश्वजीतनं वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी त्यांच्या साहेबांना लावला. दहा वाजले. अकरा वाजले. मुहूर्त बारा पस्तीसचा. पलीकडच्या काठावर वरात बँड वाजवून दमली. अखेर त्यांनी दोन जीप काढल्या आणि धरणाला वळसा घालून निघाले. वाटेत पंपावर त्यांना नवरीचा बाप दिसला. फेटा बांधून, पिवळ्या होडीत, रडकुंडीला आलेला.

नवरदेवाची आजी मोतीबाई जीपमधून उतरल्या. वय ऐंशी, आवाज वीस वर्षांच्या बाईचा. सगळी हकीकत ऐकून त्यांनी विश्वजीतला विचारलं, "काहून रे बाबू, नवरदेव घोड्यावर बसते, त्या घोड्याला नंबर असते काय?"

"नाही आजी."

"नवरदेव ज्याच्यात बसला, ते वाहन. रुद्र, चढ होडीत!"

रुद्र मुंडावळ्या सावरत चढला. त्याच्यामागं करवल्या चढल्या, बँडवाले चढले, ढोलही चढला. विश्वजीतनं नोंदवही उघडली, बराच वेळ पेन चावलं आणि रकान्यात लिहिलं, वाहन प्रकार : वरात. मग नळी उचलली. डिझेल टाकीत पडताना रामकिशन वाकून बघत होता. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला आणि म्हणाला, "पंत, पान्याचा थेंब न्हाई." त्याचे डोळे भरले होते. डिझेलमुळं भरले, असं तो म्हणाला.

म्हणजे वरात होडीतूनच निघाली, फक्त डांबरी रस्त्यानं. त्याच दोन गावांतून परत जाताना लोकांनी फुलं टाकली. म्हैस अजून गच्चीवरच होती.

गाव चार किलोमीटरवर असताना पिंटूच्या ट्रॅक्टरनं दोन आचके दिले आणि तो थांबला. पिंटू खाली मान घालून म्हणाला, "टाकीत हरिचंदचं हाय."

दुसरा इलाज नव्हता. होडीच्या टाकीत नळी घातली, रामकिशननं स्वतः तोंडानं ओढलं, आणि ज्या डिझेलसाठी एवढा उपद्व्याप केला ते ट्रॅक्टरच्या टाकीत जाऊ लागलं. "घे बाबा, घे," तो ट्रॅक्टरला म्हणत होता. शेवटी नळी काढून म्हणाला, "झाली कोरडी."

लग्न अडीचला लागलं. उशिराबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण जेवण वेळेवर वाढलं होतं. रामकिशन मात्र मांडवात नावापुरता होता. वरात त्याच्या वावरातून आली नव्हती.

पाच वाजता पाठवणी. होडी परत पाण्यात सोडली होती. मोतीबाई म्हणाल्या, "इंजिन बंद हाय तर पोरीला जीपमधून नेतो." रामकिशननं वल्ही उचलली. बाकीची मंडळी जीपनं गेली. होडीत प्रतीक्षा, रुद्र, टपालाची पिशवी आणि मी.

इंजिनवर वीस मिनिटांची वाट. त्याला दीड तास लागला. तो सांगत होता, "बाई, ही जवारी. इथं तुझी आजी निंदायची. ही विहीर." विहिरीभोवती त्यानं एक फेरी मारली. आंब्याजवळ थांबला. बांध आला तेव्हा प्रतीक्षाच म्हणाली, "बाबा, दमानं घ्या." मग तो पूर्वेला वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा कमलबाईच्या वावरात गेला. तिकडून वाट आणखी लांब पडत होती. मला वाईट वाटत होतं, त्याच्या दंडांकडं बघवत नव्हतं. मीही थोडा वेळ वल्हं घेतलं.

खैरगावच्या काठावर लेक उतरली. तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले, रडली, आणि गेली. जीपचा आवाज विरेपर्यंत तो उभा होता. दिवस मावळत आला होता. माझे हात सोलपटले होते, आणि आता परत वल्हवायचं म्हणून मी कंबर चोळत बसलो.

रामकिशन इंजिनाशी गेला, हँडल मारलं, आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं.

"अरे!" मी म्हणालो. "टाकी कोरडी होती ना?"

"चार लिटर राखलं व्हतं."

"मग जाताना का नाही लावलं? दीड तास माणूस..."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "एवढं चांगलं डिझेल, पंत. जाताना काहून जाळायचं? लेकरू बसलेलं व्हतं होडीत."

परत यायला वीस मिनिटंही लागली नाहीत. त्यानं वाटेत एकही वावर दाखवलं नाही, आणि बांधावर इंजिन हळू केलं नाही.