गनीभाईंचा अंगठा

अब्दुल गनी अब्दुल सत्तार (१९५८–२०१७), राहणार आर्णी, व्यवसाय दुचाकी दुरुस्ती. मूळ गाव फुलसावंगी. त्यांचे वडील तेथे शिलाईकाम करीत. मधुमेहामुळे वडिलांच्या पायाचा अंगठा काळा पडला. मग पाऊल गेले, मग गुडघ्यापर्यंतचा पाय, आणि शिलाईयंत्र कायमचे बंद पडले. गनीभाई तेव्हा शाळेत होते. त्यांच्या मनात बसलेली ती भीती पुढे कधी गेली नाही.

२००६ च्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला ठणका लागला. कापसाचा भाव पडला होता, घरोघर ढीग पडून होते, आणि गाड्या दुरुस्तीला येईनाशा झाल्या होत्या. दर शुक्रवारी नखे काढण्याचा त्यांचा नेम. ती नीटस दिसावीत म्हणून ते कोपरे पार मांसापर्यंत गोल कोरीत. असाच एक कोपरा वाढताना मांसात शिरला. नमाजापूर्वी वजू करताना, म्हणजे हातपाय धुताना, तो झोंबू लागला, तेव्हा त्यांनी चामड्याचे मोजे घेतले. ते पायात असताना दर वेळी पाय धुवावे लागत नाहीत, वरून ओला हात फिरवला तरी चालते, अशी धर्मात सवलत आहे. मोजे तंग होते. नख अधिकच दाबले गेले. अंगठा मात्र घरच्यांच्या नजरेआड राहिला, आणि गनीभाईंना तेच हवे होते.

मी शाळेत शिक्षक, माझे घर त्यांच्या दुकानासमोर. एके सकाळी डोमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या गाडीला किक मारताच गनीभाई मटकन खाली बसले.

डोमाजी हसला. "काय गनीभाऊ, गाडीनं उलटी तुलेच किक मारली का?"

मी धावत गेलो. मोज्यातून रक्त झिरपत होते. गनीभाईंनी माझे मनगट घट्ट धरले.

"सर, शहनाजले सांगू नका. अब्बाचंबी अंगठ्यापासूनच सुरू झालतं."

पण त्यांच्या पत्नी शहनाजबी चहा घेऊन दारात उभ्याच होत्या. त्यांनी किटली ठेवली आणि मोजा ओढून काढला. अंगठा लालबुंद सुजलेला, कडेला पू.

"अब्रारचे अब्बा, हे कवापासून लपवून राह्यले?"

"काळा तर नाही ना पडला?" गनीभाईंनी मान फिरवून विचारले. त्यांना बघवत नव्हते.

दवाखान्यात बोटातून रक्त काढले. निकाल येईपर्यंत गनीभाई बाकावर डोळे मिटून बसले होते. "पाय गेला तर किक कोण मारंल, सर? मले दुसरं काय येते?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "साखर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नख मांसात रुतलंय, एवढंच." त्यांनी पू काढला, रुतलेली कड कापली, गोळ्या लिहून दिल्या आणि घरी काय करायचे ते शहनाजबींना नीट समजावले. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचा आणि पूर्ण कोरडा करायचा. नखाच्या कडेखाली स्वच्छ कापसाची बारीक वात हलकेच सरकवायची, ती रोज बदलायची. नख सरळ कापायचे, कोपरे कोरायचे नाहीत. पायात उघडी चप्पल. सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच परत यायचे. आणि साखर असलेल्या माणसाने हे घरी करूच नये.

"अन् वजू?" गनीभाईंनी हळूच विचारले.

"पाय खुशाल धुवा, फक्त पुसून कोरडा करा. हे मोजे तेवढे काढून ठेवा."

शहनाजबी औषधाच्या दुकानातून कापूस घेऊन परतल्या तेव्हा गाडीसाठी थांबलेला डोमाजी म्हणाला, "वहिनी, माह्या घरात छपराले टेकला आहे कापूस, अन् तुमी इकत आणता?"

"तुमचा फवारलेला आहे, भाऊ. तुमीच भरा आपल्या नखात."

महिन्याभरात अंगठा बरा झाला. नखे काढण्याचे काम शहनाजबींनी स्वतःकडे घेतले. शुक्रवार मोडला नाही. सुरुवातीचे कित्येक दिवस गनीभाई सकाळी उठून अंगठा उजेडात धरून पाहत, रंग बदलला का ते.

२०१७ साली ते हृदयविकाराने गेले. तोवर दुकान त्यांनीच चालवले. वडिलांना मधुमेह होता म्हणून दरवर्षी साखर तपासावी, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. ते पुन्हा गेले नाहीत. "एक डाव चांगली निघाली, आता तिले कायले छेडा?" असे म्हणत. ती तपासणी राहूनच गेली. दुकान आता मुलगा अब्रार पाहतो. साखर तपासून घे म्हणून शहनाजबी त्याच्या मागे लागल्या आहेत. अजून तोही गेलेला नाही.