शिवीच्या जागी दोडका

माझी शाळा दुसरीपर्यंत. इंग्रजीत माणसं चिडल्यावर काय म्हणतात, हे मला साठीला टेकल्यावर टोकियोत कळलं. सून दुसऱ्यांदा पोटुशी होती, नववा लागला होता, म्हणून मुलानं मला बोलावून घेतलं. निशी-कसाई म्हणून तिथलीच एक वस्ती, तिथं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगा कॉम्प्युटरच्या कामावर, अमेरिकन साहेबाच्या हाताखाली. नव्वद सालानंतरची गोष्ट, तेव्हा तिकडं आपली माणसं फार नव्हती. कुठं कोथिंबीर दिसली तरी सण वाटायचा.

गेले तर घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. नात सहा वर्षांची, सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत जायची. हातातून काही पडलं की ही ओरडायची, "जीझस!" कुणी ढकललं, "जीझस!" पाणी गार लागलं, "ओ गॉड!" शिकली बापाकडून, बाप शिकला साहेबाकडून. आणि त्या शाळेत भिंतीभिंतीवर त्याच देवाच्या तसबिरी. दोन चिठ्ठ्या येऊन गेल्या होत्या. तिसरी आली, की पंधरा दिवसांनी मुलीला घेऊन या, पुढं ठेवायची का नाही ते तेव्हा ठरवू.

"काढलं तर रे?" मी मुलाला विचारलं.

"तर ह्या दोघींना पुण्याला पाठवायचं. जवळपास दुसरी इंग्रजी शाळा नाही. जपानी शाळेत घातली तर परत गेल्यावर हिला कोण घेणार? माझं अजून तीन वर्षांचं काम आहे."

"आणि तू?"

"राहीन की एकटा."

माझा मालक गेला तेव्हा हाच मुलगा दोन वर्षांचा होता. बापाविना लेकरू कसं वाढतं ते मला कुणी सांगायला नको. आमच्या वाट्याला आलं, आम्ही काढलं. पण हिचा बाप चांगला धडधाकट समोर बसलेला. एका शब्दापायी हिनं बापाला फोनवर बघायचं? फोनवर तर तेव्हा दिसायचंही नाही.

सुनेला म्हटलं, मला त्या शाळेतल्या मोठ्या सिस्टरकडं घेऊन चल.

"आई, तुम्ही काय बोलणार तिथं?"

"मी कुठं बोलते. विचारते."

सिस्टर माझ्याहून म्हातारी, बोटं सांध्यांनी वाकडी झालेली. सुनेला मध्ये घालून मी विचारलं, "तुमच्यात ठेच लागल्यावर माणसं करतात तरी काय?"

ती खुर्ची ओढून जवळच बसली. म्हणाली, पूर्वी त्यांच्या मुलखात देवाचं नाव असं वाटेल तसं घेणं मोठं पाप. पण ठेच लागल्यावर तोंड थोडंच थांबतं? मग लोकांनी नावच मोडून टाकलं. गॉड म्हणायला तोंड उघडायचं आणि 'गॉश' म्हणून सोडून द्यायचं. जीझसचं नुसतं 'जी'. नरकाचं नाव नको म्हणून 'हेक'. सत्यानाश होवो म्हणायचं तर 'डार्न'. किती पिढ्या गेल्या, आता म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतं की आत देव दडलाय.

"मग आमच्या पोरीला गॉश म्हणू द्यायचं?"

"मला ठाऊक आहे ना आत कोण दडलाय," सिस्टर म्हणाली. "माझी आई गॉशलासुद्धा तोंडात साबण घालायची."

मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्यात तरी बांगडी फुटली कुठं म्हणतात? वाढवली म्हणतात. मालकाचं नाव तर मी मरणाच्या दाखल्याला गेले तेव्हाही घेतलं नाही. कारकून खेकसला, शेवटी शेजारणीनं सांगितलं.

पण घरी येताना मला गिरणी आठवली. मालक गेल्यावर मी सोलापूरला गिरणीत लागले, सतरा वर्षं काढली. आमच्यावरची मुकादमीण, तिला नायकीण म्हणायचे, ती माळकरी होती. सूत तुटून बोट चिरलं तरी तोंडातून वंगाळ शब्द आला की ती सरळ घरी धाडायची. मग आम्ही बायका भाज्या म्हणायचो. बोट चिरलं की दोडका! साहेब आला की पडवळ! ज्या दिवशी फार सोसायचं, त्या दिवशी सगळी मंडई व्हायची. नायकीण कानावर हात ठेवायची, पण काढणार कशावरून?

पोरीला तेच शिकवलं. आधी ती म्हणाली, "आजी, दोडका कशाला? तो तर इथं मिळत नाही."

"नाही मिळत तेच बरं. तोंडात कुठूनही आणता येतो."

पंधरा दिवस मी तिच्या मागं. मुद्दाम तिचा चमचा पाडायचा आणि आपणच ओरडायचं, "जीझस!" तिनं म्हणायचं, "दोडका!" चप्पल लपवायची, "जीझस!" "दोडका!" भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, दिवसभर हेच. सून म्हणायची, "आई, शेजारी काय म्हणतील, घरात प्रार्थना चाललीय का भांडण?"

ठरल्या दिवशी आम्ही तिघी गेलो. दारात बूट काढून ठेवले, सपाता घातल्या. वर्गाचं दार सरकतं, जड. सुनेला आधी आत जाऊ द्यावं म्हणून मी ते धरलं, आणि माझं बोट सापडलं.

"जीझस!"

मीच ओरडले. अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं. सून पांढरी पडली. मला वाटलं, संपलं, पोरीचं मी वाटोळं केलं.

तेवढ्यात नात कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी. "आजी! किती वेळा सांगायचं तुला? असं नाही म्हणायचं! दोडका म्हण!"

"दोडका," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सिस्टरनं सुनेकडं बघितलं. सुनेनं सगळं सांगितलं, गिरणी, नायकीण, मंडई. सिस्टर हसली नाही. माझा हात धरून मला नळाशी घेऊन गेली, बोट गार पाण्याखाली धरलं, आणि मग पोरीला विचारलं, "आणि ह्याहून जास्त लागलं तर?"

"तर पडवळ," पोरगी म्हणाली.

तेव्हा मात्र ती हसली. वाकड्या बोटांनी डोळे पुसत म्हणाली, "मुलगी राहू दे. आजीची शिकवणी अजून चालू ठेवा."

परतीच्या गाडीत सून पोट धरून हसत होती. "आई, पुरे, इथंच व्हायचं माझं!" मी म्हटलं, होऊ दे, पंचवीस बाळंतपणं केलीत मी.

संध्याकाळी मुलगा आला. सुनेनं दारातच सांगितलं, पोरीला शाळेत ठेवली म्हणून. तो एक बूट काढून तिथंच खाली बसला, दुसरा पायातच. पोरगी मागून त्याच्या पाठीवर चढली, तरी उठेना.

मी भात लावायला गेले. बोट टम्म सुजलं होतं, पण तांदूळ धुता येत होते.