गौरीच्या वजनातली कोंबडी

मंडळी, दुपारी माझी चांगलीच फजिती झाली. सगळ्या सर्पमित्रांना कळावी, म्हणून ऑफिसातून ही ई-मेल पाठवतोय.

पावणे गावातल्या आमच्या सर्पकेंद्रातली गौरी, म्हणजे अजगराची मादी, तीन वर्षांची झाली. वय भरलं, लांबी भरली, फक्त वजन अडलं होतं. कच्च्या मादीला अंडी पेलवत नाहीत, जिवावर बेततं. म्हणून वजन भरल्याशिवाय मी जोडी लावत नाही.

आज तिला गोणीत घालून टांगत्या काट्याला लटकवलं, तर वजन अगदी हवं तेवढं! मी लगेच पुण्याच्या मित्राला फोन लावला, "उद्याच नर पाठव!"

सापांचं खाणंपिणं बघणारे आमचे पाटीलकाका शेजारी पिंजरा धूत होते. शांतपणे म्हणाले, "परवा कोंबरी खाल्लीय तिनी. तुमी वजन कोनाचा केला?"

कोंबडी वजा केल्यावर गौरी दीड किलोनं कमी भरली! पुन्हा पुण्याला फोन केला. मित्र हसत म्हणाला, "मुलीकडून नकार का रे?"

"नाही रे, मुलगी अजून वाढतेय."

आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत, म्हणजे जोडीच्या पुढच्या हंगामापर्यंत थांबणार. खरं सांगा, तुमच्या वजनाच्या वहीतल्या किती माद्या अशाच कोंबडीसकट मोठ्या झाल्यात?