माझ्या हातचा फिशपॉण्ड

बारावीच्या निरोप समारंभासाठी मी एक फिशपॉण्ड लिहिला होता. दोनच ओळींचा निनावी टोमणा. वहीचा कागद चार घड्या करून मी तो जिन्याखाली त्यासाठी ठेवलेल्या बुटांच्या खोक्यात टाकला, आणि आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तो डाव्या हातानं लिहिला होता.

आमचं कॉलेज जामनेरला. वडील तहसील कचेरीत कारकून, त्यांची बदली झाली म्हणून मी चौथीत असताना आम्ही धुळ्याकडून तिथे आलो. वडील कचेरीमुळे पुस्तकी मराठी बोलायचे. आई मात्र घरात अहिराणीच बोलायची. 'आहे'ला 'शे', 'सगळं'ला 'बठ्ठं'. मी तिला अहिराणीतच उत्तर द्यायचे, पण उंबरठ्याच्या आत. चौथीत पहिल्याच दिवशी मी 'शे' म्हणाले होते आणि वर्ग हसला होता. त्यानंतर शाळेत माझ्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही. आई शाळेत येणार असली की मी आदल्या दिवशीच काहीतरी कारण काढून तिचं येणं टाळायचे.

अकरावीत वर्गात एक मुलगी आली. शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यातून, मामाकडे शिकायला. सरांनी तिला माझ्या बाकावर बसवलं. फिजिक्समध्ये तिचं डोकं असं चालायचं की सर फळ्यावर गणित अर्धवट सोडून तिच्याकडे बघायचे. मला ते गणित कळायचं नाही. मधल्या सुट्टीत ती डबा बाजूला ठेवून मला समजावायची, मी "कळलं" म्हटलं तरी पुन्हा विचारून खात्री करायची. बोलताना ती सांभाळून प्रमाण मराठी बोलायची, पण घाईत तोल जायचा. एकदा प्रॅक्टिकलला "सर, ॲसिड सांडनं शे!" म्हणून ओरडली. पोरं आठवडाभर तेच म्हणत होती. ती स्वतःही हसायची.

एका रविवारी ती वही न्यायला माझ्या घरी आली. मी आत वही शोधत होते तोवर आईनं तिला विचारलं, "कोनी आंडेर शे व तू?" म्हणजे, कोणाची गं तू मुलगी? हे ऐकताच तिचा चेहरा असा उजळला की मी तो आजवर विसरले नाही. जामनेरला आल्यापासून तिला कोणी असं विचारलं नव्हतं. मग गाव, आजोळ, कोणाचं शेत कुठे, अशा त्या दोघींच्या गप्पा तासभर चालल्या. आईनं तिला उठूच दिलं नाही. "जेवन करीसन जाय आते," म्हणाली. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन ती निघाली तेव्हा मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले.

"आम्ही घरी असं बोलतो हे वर्गात सांगू नकोस," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. का, असं तिनं विचारलं नाही. "नाही सांगणार," म्हणाली.

आणि तिनं सांगितलं नाही. त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे यायची, आईशी अहिराणीत बोलायची, आणि सोमवारी वर्गात माझ्याशी प्रमाण मराठीत.

बारावीच्या फेब्रुवारीत निरोप समारंभ ठरला. वर्गशिक्षकांनी सांगितलं, प्रत्येकानं पुढे येऊन दोन गोष्टी बोलायच्या. या दोन वर्षांतलं काय सोबत नेणार, आणि पुढे काय होणार. आठवडाभर आधी वर्गात एकदा सराव घेतला. कोणी पोलीस भरतीचं सांगितलं, कोणी पुण्याला कॉम्प्युटरचं. सावद्याचा एक मुलगा म्हणाला, मी केळीच्याच धंद्यात जाणार, मग उगाच फिजिक्स कशाला शिकलो. तिची पाळी आली. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती. "मला..." म्हणाली, थांबली, आणि मग तिच्या तोंडून सरळ निघालं, "माले डाक्टर व्हवानं शे."

वर्गात हशा पिकला. सरही तोंडावर हात धरून हसले. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली आणि तिनं मला विचारलं, "तुम्ही पण धुळ्याकडचेच ना? तुझ्या घरी पण असंच बोलतात का गं?"

"छे," मी म्हणाले. "आमच्या घरी नाही."

ती पुन्हा पुढे वळली. तिला खरं वाटलं नाही असं मला वाटलं. हसणाऱ्यांच्या बाजूला आपण उभं राहिलो की कोणी आपल्याकडे बोट दाखवणार नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. घरी जाऊन मी लिहिलं:

इंग्लिश येतं, गणित येतं, मराठीचा पत्ता ना शे,
कोनी आंडेर सांगा पाहू, डाक्टरीण व्हनार शे?

समारंभात सूत्रसंचालकानं तो फिशपॉण्ड दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा हशात दुसरी ओळ ऐकू गेली नाही. मीही हसले. शेजारी ती बसली होती. पहिली ओळ झाली तेव्हा तीही हसत होती. दुसरीला ती हसायची थांबली. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि मग समोर पाहू लागली. तिची बोलायची पाळी आली तेव्हा ती जागेवरूनच म्हणाली, "माझं काही नाही सर." सरांनी आग्रह केला नाही. पुढचं नाव पुकारलं.

परीक्षेत आमचे नंबर वेगवेगळ्या वर्गांत होते. ती दिसायची, मान हलवायची आणि निघून जायची. घरी ती पुन्हा आली नाही. आई विचारायची, "तुनी मैतरीन काब येत नही?" मी सांगायचे, अभ्यास आहे तिला. परीक्षा संपल्यावर सांगितलं, गावी गेली. शेवटचा पेपर झाल्यावर तिला द्यायचे म्हणून आईनं ज्वारीचे पापड करून ठेवले होते. ते आम्हीच खाल्ले.

पुढे मी जळगावला शिकले आणि तिथेच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. दोन वर्षांपूर्वी धुळ्याला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत आईनं कोणालातरी हाक मारली, आणि मी बघते तो ती. अंगानं भरलेली, कडेवर मूल. बी. फार्मसी करून तिनं नवऱ्याबरोबर शिंदखेड्याला औषधांचं दुकान टाकलं होतं. डॉक्टर झाली नव्हती. आईनं तिच्या गालांवरून हात फिरवले आणि मूल उचलून घेऊन गेली. आम्ही दोघीच उरलो.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणाले, "तो फिशपॉण्ड मी लिहिला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "वाचला तेव्हाच कळलं. आंडेर हा शब्द त्या वर्गात दुसऱ्या कोणाला माहीत होता? आणि वाक्य तर तुझ्या आईचंच होतं."

"मग तू बोलली का नाहीस? निदान मला तरी?"

"तुझ्याशी काय बोलणार? आणि वर्गात तुझं नाव घेतलं असतं, तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं. तुझ्या घरचं सांगणार नाही म्हटलं होतं ना मी."

माफ कर म्हणाले. तिनं पदर नीट केला.

"आता त्याचं काय," ती म्हणाली. "पण एक सांगते. फार्मसीला पहिली दोन वर्षं मी तोंडच उघडलं नाही. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून गप्प बसायचे. एका विषयात नापास झाले ती त्याच्यामुळेच." हे तिनं रागानं सांगितलं नाही. मला माहीत असावं म्हणून सांगितलं. तेवढ्यात नवऱ्यानं हाक मारली, आणि ती आईकडून मूल घ्यायला गेली.

जाताना तिनं आईला फोन नंबर दिला. मला दिला नाही, मीही मागितला नाही.

या जानेवारीत माझ्या वर्गातली मुलं निरोप समारंभाचं विचारायला आली. फिशपॉण्ड ठेवायचे का मॅडम? मी नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही. मुलं नाराज होऊन गेली. त्या दिवशी संध्याकाळी आई मेथी निवडत होती, तिच्याशेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं. तिला सांगायलाच हवं होतं असं नाही. पण एवढी वर्षं ते तिच्यापासून लपवलं होतं, आणि ते वाक्य तर तिचंच होतं.

ती निवडायची थांबली नाही.

"लोके हासनात का?" तिनं विचारलं.

"हो."

"तू?"

"मी पण."

तिनं काड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि उठली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली, "चहा झाला आहे. घेतेस का?" मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण दुपारीही तसंच. शब्द शोधत, अडखळत, वडिलांसारखं. मी म्हटलं, "आई, असं नको ना बोलू." म्हणाली, "मला येते आहे. सवय होईल."

त्याला आता तीन महिने झाले. मी मुद्दाम तिच्याशी अहिराणीत बोलते, ती 'आहे'मध्ये उत्तर देते. रविवारी तिला शिंदखेड्याहून फोन येतो. स्वयंपाकघरातून तिचं मोकळं हसणं, जोरजोरात चाललेली अहिराणी बाहेरपर्यंत ऐकू येते. मी पाणी प्यायला आत गेले की ती आवाज खाली करते आणि म्हणते, "हो, हो, बरी आहे मी. ती पण बरी आहे."