पूजेला बसलेला तोफगोळा

दरवर्षी खंडेनवमी आली की ती केस डोळ्यांपुढे उभी राहते आणि उजव्या हाताला समईची धग जाणवते. आमच्या म्हैसूरला त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. नोकरीत मी चोर पकडले, खुनी पकडले, बदल्या भोगल्या. पण तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी हीच केस सांगतो. नावं मात्र घेणार नाही. माणसं अजून इथंच राहतात आणि मला बाजारात भेटतात.

मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. सकाळी ठाण्यात पूजेची धांदल चालली होती. रायफली भिंतीशी ओळीनं उभ्या, प्रत्येकीला झेंडूची माळ, जीपच्या चाकांखाली लिंबं. हेड कॉन्स्टेबल बेड्यांनाही कुंकू लावत होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक भंगारवाला होता, आमचा जुना खबऱ्या.

"सार, काल एकजण स्कूटरवरून लोखंडी गोळा घेऊन आला. ग्राइंडर मारून गंज काढून दे म्हणाला. खाली तांब्याचा पट्टा होता, सार. मी म्हटलं, मशीन बिघडलंय."

"शहाणा आहेस. मग काल का नाही सांगितलंस?"

"काल वाटलं, आपल्याला काय करायचंय. पण झोपच आली नाही, सार."

स्कूटरचा नंबर त्यानं लक्षात ठेवला होता. पत्ता कुवेंपुनगरचा निघाला.

दार उघडलं ते पस्तिशीच्या एका गृहस्थानं. कंप्युटर कंपनीत नोकरी, घरात म्हातारी आई. माझ्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेलं मराठी घर. आत शिरताना सवयीनं सगळीकडे नजर फिरवली. स्कूटरला हार, मिक्सरला कुंकू, टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा हळदीचं बोट. मी कामाचं विचारलं तसा तो मला गच्चीवर घेऊन गेला.

रविवारी धातुशोधक यंत्र घेऊन सोसले गावाच्या बाजूला माळावर हिंडायचं आणि जमिनीतल्या जुन्या वस्तू उकरायच्या, हा त्याचा छंद. नाणी, कुलपं, घोड्यांचे नाल त्यानं निगुतीनं मांडले होते. कोपऱ्यात तो गोळा उभा होता, टोकाकडे निमुळता.

"राजांच्या काळातला आहे, अल्वा? हो की नाही, साहेब?" तो कौतुकानं म्हणाला.

मी होतो तिथंच थांबलो. राजांच्या काळातले गोळे पुष्कळदा नुसते भरीव लोखंडाचे असत, चेंडूसारखे. हा तसा नव्हता. तांब्याच्या पट्ट्यावर तिरपे चरे होते, आणि ते चरे गोळा तोफेच्या नळीतून सुटताना पडतात. म्हणजे हा गोळा उडाला होता, जमिनीत घुसला होता आणि फुटायचा तेवढा राहिला होता. त्या माळावर फार पूर्वी लष्कराचा सराव चालायचा, असं म्हातारी माणसं सांगतात. न उडवलेल्या गोळ्यापेक्षा असला गोळा वाईट. तो कधी मनावर घेईल, सांगता येत नाही. दारूगोळ्याच्या प्रशिक्षणात बाकीचे अधिकारी डुलक्या काढत असताना मी पुढच्या बाकावर जागा होतो, ते त्या दिवशी कामाला आलं.

बॉम्ब पथकाला कळवलं, घर आणि आजूबाजूची घरं रिकामी केली. मायलेकांना रस्त्याच्या टोकाला झाडाखाली बसवलं आणि चौकशी सुरू केली.

"असे किती सापडले?"

"एकच."

"गच्चीवर गंजाचे गोल डाग दोन आहेत. एका मापाचे."

तो घुटमळला. "दुसरा नदीत टाकला साहेब."

आता, जो माणूस घोड्याचा नाल घासूनपुसून मांडतो, तो तोफगोळा नदीत टाकेल? थाप होती ती. पण भीती कशाची होती, तेही मला दिसत होतं. जमिनीत सापडलेलं सरकारला कळवलं नाही म्हणून केस होईल, नोकरी जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तो नदीलाच धरून बसला असता.

एवढ्यात पथकाचा प्रमुख घाम पुसत आला. "साहेब, गोळ्याची टोपी, म्हणजे फ्यूज, शाबूत आहे. जिवंतच समजून चालायचं."

त्या गृहस्थाचा चेहरा पांढरा पडला. आणि त्याच वेळी मला उमगलं, सकाळपासून काय खटकत होतं ते. ज्या घरात रिमोटलाही कुंकू लागलं, तिथं त्याचं लाडकं यंत्र पूजेत कुठेच नव्हतं.

"तुमचं मशीन कुठाय?"

उत्तर आईनं दिलं, अगदी अभिमानानं. "ते मामाच्या दुकानात की! चामराजपुरमात माझ्या भावाचं शिवणकामाचं दुकान आहे. आमची मोठी पूजा दरवर्षी तिथंच. ह्यानं काल मशीन नेलं, तोफगोळापण नेला. मधोमध मांडलाय म्हणे."

"साहेब," तो कसाबसा बोलला, "माझी बायको, मुलगी... सकाळपासून तिथंच आहेत."

मामांना फोन लावला तर बंद. नंतर कळलं, फोनही पूजेला बसवला होता!

पथक मागून येणार होतं. त्या गृहस्थाला सोबत घेऊन मी जीप काढली. सणाच्या गर्दीतून ड्रायव्हरनं ती कशी काढली, त्याचं त्यालाच ठाऊक.

दुकानात मावतील त्याहून जास्त माणसं होती. शिवणयंत्रं, कात्र्या, इस्त्री, टेप, सगळ्यांना हळदकुंकू. मधोमध चौरंगावर गोळा, शेवंतीचा हार घालून. उदबत्त्या केळ्यात खोचलेल्या आणि केळं गोळ्याला टेकवलेलं. शेजारी समई. मामांच्या हातात कोहळा, त्यावर कापूर, आणि काडी पेटायच्या बेतात.

बॉम्ब म्हटलं असतं तर त्या अरुंद दारात चेंगराचेंगरी झाली असती आणि चौरंग पहिला आडवा झाला असता. मी टोपी नीट केली आणि हसून म्हणालो, "मामा, स्वल्प थांबा की! आज पोलिसांचा मान. कोहळा पार कोपऱ्यावर चौकात फोडू, सगळ्यांदेखत. मुलाबाळांना घेऊन पुढं व्हा."

कोहळा फुटताना बघायला कोणाला आवडत नाही? भाच्यानं मुलीला उचललं ते छातीशी घट्ट धरूनच. क्षणात दुकान रिकामं झालं. उरलो मी आणि मामा. त्यांना हळूच खरं सांगितलं. म्हातारा हादरला, पण मी समईकडे हात नेताच मनगट धरलं.

"साहेब, दिवा विझवायचा नाही. बेड, नको. पूजेतला दिवा आहे."

माझ्या मनातही तेच होतं. माझ्या आईनंही विझवू दिला नसता.

"नाही विझवत. तुम्ही व्हा पुढं."

केळ्याला धक्का न लावता उदबत्त्या उपसल्या. मग समई दांड्याला धरून उचलली. पितळ तापलेलं, तेल हिंदकळून बोटांवर येत होतं. श्वास रोखून, पाय न उचलता घसटत, तो दिवा मी दाराबाहेर आणला आणि कोपऱ्यावर मामांच्या हातात दिला. ज्योत तशीच होती. खरं सांगतो, राष्ट्रपतींनी पदक दिलं असतं तरी छाती इतकी फुगली नसती.

गल्ली रिकामी झाली, पथकानं गोळा नेला. दोन्ही गोळे गावाबाहेरच्या जुन्या खाणीत उडवले. दुसऱ्याचा धमाका असा झाला की दूर उभ्या जीपच्या काचा थरथरल्या. भाच्यानं तो ऐकला आणि तिथंच मातीत बसून ढसाढसा रडला. केस झाली, कायद्यानं व्हायची तशी. वरिष्ठांना त्यानं स्वतः जाऊन सगळं सांगितलं, नोकरी टिकली.

या केसनं मला एक शिकवलं. माणूस पोलिसांपासून वस्तू लपवेल, पण त्याच वस्तूचं कौतुक करून घ्यायला आपल्या माणसांत ती मांडल्याशिवाय राहणार नाही. म्हणून चौकशीत काय लपवलंय यापेक्षा कशाचा अभिमान आहे, ते आधी बघावं.

निवृत्त झालो तरी मामांचं बोलावणं दरवर्षी येतं. आरतीआधी समई माझ्या हातात देतात. ती मी कोपऱ्यापर्यंत नेतो, परत आणतो, मग पूजा पुढं सरकते. गेल्या वर्षी भाच्याच्या मुलीनं, आता बरीच मोठी झालीय, शेजारच्या मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं, "आमच्यात हे पहिल्यापासून असंच करतात."

मी दिवा सांभाळत चालत राहिलो.