धुरातली कणसे

बिनधुराच्या चुलीची रचना सोपी आहे, आणि ती मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. तोंड अरुंद ठेवायचे, म्हणजे लाकूड बेताबेतानेच आत सरकवता येते. पुढच्या भांड्याखालचा जाळ मागच्या दोन भांड्यांखालून फिरवायचा, म्हणजे एकाच जाळावर भाकरी होते, कालवण शिजते आणि आंघोळीचे पाणीही तापते. उरलेला धूर नळीवाटे भिंतीबाहेर सोडायचा. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घोडेगावला आम्हा प्राथमिक शिक्षकांना हे फळ्यावर आकृती काढून शिकवले गेले. मी आकृती वहीत उतरवून घेतली, मोजमापांसह. आकृतीत चुलीच्या वर काहीही टांगलेले नव्हते.

त्या वेळी मी शिनोलीच्या शाळेत होतो आणि एका विधवा बाईंच्या पडवीत राहत होतो. त्यांना मी मावशी म्हणत असे. जेवणही त्यांच्याकडेच होते. त्या पहाटे डोंगराकडे जात आणि ऊन चढल्यावर सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन परतत. मोळी चार दिवस पुरे. भाकरी थापताना धुराने त्यांचे डोळे वाहत, आणि हात पिठाचे असल्यामुळे त्या ते खांद्याला पुसत. हे रोज समोर पाहून मी दिवाळीच्या सुट्टीत चूल बांधायला घेतली.

विकत काहीच आणावे लागले नाही, याचा मला विशेष आनंद होता. पडक्या गोठ्यावरची अर्धगोल कौले दोन-दोन जोडून, मातीने लिंपून नळी केली. मातीत भाताचा तूस मिसळला. बाहेरच्या तोंडातून पाऊस आत येऊ नये म्हणून रॉकेलच्या रिकाम्या डब्याला बाजूने भोक पाडून तो नळीवर पालथा बसवला.

जुन्या चुलीच्या बरोबर वर, आढ्याखालच्या काठीवर बियाण्याच्या बाजरीच्या जुड्या टांगलेल्या असत. ही बाजरी केसाळ होती. कणसाला ताठ, टोचरी कुसळे असल्यामुळे पाखरे तिच्यावर बसायला धजत नसत. वाटणीत विहिरीजवळची जमीन थोरल्या जावेकडे गेली होती; मावशींकडे डोंगराकडचा माळ आणि सासूच्या हातचे हे बियाणे आले होते. एकट्या बाईला दिवसभर शेत राखत बसणे शक्य नव्हते. ते काम कुसळे करीत.

मी नळी बसवत असताना मावशी वर पाहून म्हणाल्या, "मास्तर, धूर भायेर गेला, तर ह्या कनसांचं काय व्हायचं?"

"काय व्हायचं? काळी पडणार नाहीत. स्वच्छ राहतील."

"काळीच बरी असत्यात ती." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी स्वतःच माघार घेतली. "पर तुमी शिकल्यालं मानूस. तुमी म्हंता, तर आसंल."

चूल उत्तम चालली. मोळी सात दिवस पुरू लागली. गावातल्या बायका पाहायला आल्या. मधल्या भिंतीपलीकडून थोरली जाऊ मात्र म्हणाली, "धूर भायेर काढला, आता चूलबी भायेर काढा म्हनावं. मंजी लाकूडच लागायचं न्हाई." मावशी हसल्या. दोघी जावांचे वाटणीपासून बोलणे नव्हते. जे काही बोलायचे, ते असे भिंतीला ऐकवले जाई.

मृगाला आठ दिवस उरले असताना मावशींनी पहिली जुडी खाली काढली. कणीस तळहातावर चोळले आणि फुंकर मारली. हातावर काही राहिले नाही. सगळा भुगा उडून गेला. त्यांनी दुसरी जुडी काढली, मग तिसरी. प्रत्येकीतून सोंडे किडे पळत निघाले. कणसे पिवळी, स्वच्छ, मी म्हटल्याप्रमाणेच होती.

उरलेले दाणे मी पाटीवर पसरले आणि निवडत बसलो. निवडलेले पाण्यात टाकले. जवळजवळ सगळे तरंगले. बुडाले ते ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तिसऱ्या दिवशी फडके उघडले, तर कुबट वास आला. मोड एकालाही नव्हता.

काही तरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "राखेत ठेवायला हवं होतं."

"राख तरी कुटं ऱ्हायली, मास्तर? लाकूडच थोडं जळतं. भांडी घासायला पुरंना," मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर तरी देता आले असते.

त्याच दिवशी सूप घेऊन त्या भिंतीला वळसा घालून जावेच्या दारात गेल्या. मी पडवीत होतो, सगळे ऐकू येत होते.

"बियाला बाजरी पायजे व्हती."

"माजी लई काळी हाय बाई, कोळशावानी," जाऊ म्हणाली. "तुज्या मास्तरांना चालंल का, इचार आदी."

पण सूप तिने शिगोशीग भरून दिले.

पीक चांगले आले, पण कणसे गुळगुळीत, बिनकुसळांची होती. दाणा भरू लागताच पाखरे थव्याने उतरू लागली. केसाळ बाजरीसाठी मी आसपासच्या गावांतून विचारत फिरलो. एका रविवारी बेल्ह्याच्या बाजारापर्यंतही गेलो. "व्हती आमच्यात, मागं," असे पुष्कळांनी सांगितले.

एका सकाळी मावशींनी विचारले, "मास्तर, तुमच्या नळीवरला डबा घ्यू का? पाखरांना वाजवाया पायजे."

"घ्या," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

डबा निघाल्यावर नळीतून पाऊस आत येऊ लागला. त्यांनी तिच्यात शेणाचा गोळा बसवला आणि धूर पुन्हा घरात भरला. मला चुलीपासून लांब ताट वाढून त्या म्हणाल्या, "तुमाला धुराची सवं न्हाई."

शाळा माळाच्या पायथ्याशी होती. सकाळी प्रार्थना संपेपर्यंत वर डबा वाजू लागे. मी फळ्यावर त्रैराशिक मांडत असे: इतके मजूर, इतके दिवस, तर काम किती. मुले आवाजाकडे पाहत आणि मग माझ्याकडे. मधूनच डबा थांबे. हात दुखला असेल, की पाणी प्यायला बसल्या असतील, असे मनात येई आणि माझा खडू फळ्यावर तसाच टेकलेला राही. मग तो पुन्हा वाजू लागे, आणि मी पुढची ओळ लिहीत असे.