दुपारी तीन वाजताचा प्रश्न

कुमुदताई गेल्याचं मला उमरेडहून परतताना एसटीत कळलं. पुढच्या बाकावर आमच्या विद्यापीठातला शिपाई होता. मागे वळून तो म्हणाला, "सर, ताई सकाळी गेल्या." मी विचारलं, "कुठे?"… तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा कळलं. त्याला दीड महिना झाला. अजूनही कधीकधी तोच प्रश्न ओठांवर येतो.

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या. नमुन्यांची खोली त्यांच्या ताब्यात असे. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी लागायची. तिच्यावर पाणी मारलं की खोलीभर ओला गारवा आणि हिरवट अंधार पसरायचा, आणि बरण्यांमधले मासे त्या उजेडात हलल्यासारखे वाटायचे. पुढे काय करावं ते न सुचलेली मुलं, कुठल्याही विभागाची, तिथे येऊन बसत. ताई लेबलं लिहीत राहायच्या आणि बऱ्याच वेळानं विचारायच्या, "दुपारी तीन वाजता काय करत असलेलं आवडेल तुले?" काय व्हायचंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "ते सांगणारे लोक खूप आहेत गा. दिवस तर तुलेच काढायचा आहे."

साठचं दशक संपत आलं होतं. रसायनशास्त्रातल्या माझ्या संशोधनाचं तिसरं वर्ष होतं. हाती काहीच लागत नव्हतं, मार्गदर्शक बदली होऊन गेलेले. उमरेडला आमच्या घरी बाबांचा हातमाग होता. मामांनी तहसील कचेरीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती आणि आठ दिवसांत हो-नाही सांगायचं होतं. बाबा म्हणाले, "शिकून राहिला, शिकून राहिला… कधी सरते हे?"  मी ताईंच्या खोलीत जाऊन बसलो, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं.

त्यांनी मला दोन चिठ्ठ्या दिल्या. एक कचेरीतल्या ओळखीच्या गृहस्थांना, दुसरी उमरेडच्या खाणीजवळ कोळसा तपासणाऱ्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला. "दोन्हीकडे एक-एक दिवस बसून ये. काही करू नको, नुसता बस." कचेरीत माणसं चांगली होती, चहा दोनदा आला, पण दुपारी मला गाढ झोप लागली. कोळशाच्या प्रयोगशाळेत त्या बाईंनी राख उरलेली मूस, कोळसा जाळून बघायची छोटी वाटी, माझ्या हातात दिली आणि हा दगड इतका कसा जळतो, ते सांगत राहिल्या. बाहेर काळी धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत होती. परतीची पाचची बस गेली, नंतरचीही गेली. विषय बदलून मी कोळशावर प्रबंध लिहिला. बाबांना समजवायला ताई स्वतः उमरेडला आल्या. जास्त बोलल्या नाहीत. मागाजवळ बसून त्यांनी बाबांचं विणणं तासभर पाहिलं. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "बाई समजदार आहे. करू दे त्याले."

विद्यार्थी आणि नवे संशोधक यांच्यासाठी मार्गदर्शन केंद्र काढावं, असा आराखडा ताईंनी याच काळात लिहायला घेतला. सहा-सात वर्षं त्या तो लिहीत होत्या. त्यात होतं: प्रत्येकानं निदान दोन कामांजवळ एकेक दिवस बसून यावं. संशोधन सोडणाऱ्याला कोणी हरलेला म्हणू नये. खोली जिन्याजवळ असावी, म्हणजे आत शिरताना कोणाला संकोच वाटणार नाही. एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही स्वतःचं संशोधन काहून सोडलं?" लेबल लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "आई आजारी होती म्हणून, असं सांगते मी. पण कोणी नीट विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं… मलेच माहीत नाही."

केंद्र मंजूर झालं. जिन्याजवळची खोलीही मिळाली. मात्र समुपदेशक पीएच.डी. असावा, अशी अट होती, आणि ताई पीएच.डी. नव्हत्या. नेमणुकीच्या पत्रावर माझं नाव होतं. ते घेऊन मी धंतोलीला त्यांच्या घरी गेलो. दारात उभ्यानेच त्यांनी वाचलं, परत घडी घातली. "तू नाही म्हणशील, तर खोलीले कुलूप लागेल," त्या म्हणाल्या. "उद्या येते मी. खुर्च्या लावू."

खुर्च्या त्यांनी लावल्या, खिडकी पुसली, आणि त्यानंतर कामाच्या वेळेत त्या खोलीत कधी आल्या नाहीत. मुलांना चिठ्ठी देऊन पाठवत. एकदा मी दार उघडलं तर त्या जिन्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. आत एक मुलगी बोलत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. मला बघून त्या दचकल्या, हसल्या आणि निघून गेल्या… नेमणूक करणाऱ्या समितीकडे जाऊन, ही जागा त्यांची आहे, असं मी सांगायला हवं होतं. रोज उद्या सांगू म्हणायचो. त्या निवृत्त झाल्या आणि ते राहूनच गेलं. त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. तेच जड जातं.

गेल्या सोमवारी केंद्रात एक मुलगी आली. वनस्पतिशास्त्रात संशोधन करते, पहिलंच वर्ष. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत दारातच उभी राहिली. मी विचारलं, "कोणी पाठवलं तुला?"

"मोठ्या बहिणीनं. ती म्हणे, त्या खोलीत जा, तिथं कोणी घाई करत नाही."

तिची बहीण मला आठवेना. माझ्याकडे ती कधी आलीच नसावी, ताईंच्या नमुन्यांच्या खोलीत बसली असावी. मी मुलीला बसायला सांगितलं. मी समोरचे कागद लावत राहिलो आणि बऱ्याच वेळानं तिला ताईंचा प्रश्न विचारला.